आमदार वाढवावेत की मतपद्धती बदलावी?

२०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. कर्नाटक विधान परिषदेच्या ईशान्य शिक्षक मतदारसंघाची निवडणूक होती. मत देण्यासाठी मी हळ्ळीखेडहून हुमनाबादला गेलो. तालुक्याच्या कचेरीत शाळेचे काही कागद द्यावयाचे होते, म्हणून आमचे शिपाईमामाही मोटारसायकलवर मागे बसले होते. मत देऊन बाहेर आलो, चहा घेतला, तेव्हा मामांनी सहज विचारले,

"सर, तुम्ही कागदावर एक, दोन, तीन असे आकडे लिहिता म्हणं?"

"होय. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती."

"म्हणजे तुमचा पहिला पडला तर मत दुसऱ्याला जातंय. आमाला मात्र एकच बटण. आमचा माणूस पडला की आमचं मत पाण्यात. असं कामून?"

मी इतिहासाचा एम. ए. आहे. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून अनेक निवडणुकांत रात्री-रात्री जागून फॉर्म भरलेले आहेत. दहावीच्या वर्गाला राज्यशास्त्र शिकविता शिकविता केस पांढरे झाले. पण त्या दिवशी चहा संपेपर्यंत मला उत्तर सुचले नाही. "घटनेत तसंच आहे" एवढे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकाने वेळ मारून नेली की तो प्रश्न त्याच्या मागे लागतो, तसे माझे झाले.

सध्या सगळीकडे मतदारसंघांच्या पुनर्रचनेची चर्चा आहे. खासदार किती वाढणार, आमदार किती वाढणार, दक्षिणेचे कमी होणार की काय, अशी गणिते मांडली जातात. या चर्चेत दोन बाजू दिसतात. एक म्हणते, लोकसंख्या वाढली, तेव्हा प्रतिनिधीही वाढले पाहिजेत. दुसरी म्हणते, आहेत तेवढेच पुष्कळ आहेत, निवडण्याची रीत सुधारा. आमचा बीदर जिल्हा या दोन्ही प्रयोगांतून गेलेला आहे. म्हणून हा प्रश्न दिल्ली-बंगळूरच्या चष्म्यातून न पाहता आपल्या मातीवरून पाहावा, असे मला वाटते.

आमच्याकडे लोकशाहीचा विषय निघाला की बसवकल्याणच्या अनुभव मंटपाचे नाव येतेच. बाराव्या शतकातील ती जगातील पहिली संसद, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी थोडा जपून बोलतो. तेथे मतदान नव्हते, मतदारसंघ नव्हते. परंतु अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली जी मंडळी बसली, त्यांत मादार चन्नय्या होते, डोहार कक्कय्या होते, अक्कमहादेवी होत्या. परंपरा ७७० शरणांची संख्या सांगते. माझ्या मते तेथे महत्त्व ७७० या आकड्याला नाही. ज्यांना एरवी उंबऱ्याच्या आत कोणी घेत नव्हते, त्यांना तेथे बसावयास जागा मिळाली, याला महत्त्व आहे. प्रतिनिधित्वाचा खरा प्रश्न 'किती' यापेक्षा 'कोण' आणि 'कसे' हा असतो, ही खूण आपल्याच भूमीत आठशे वर्षांपूर्वीची आहे.

आता निजामी राजवटीकडे येऊ. १९३७ साली निजाम सरकारने दिवाण बहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली घटनात्मक सुधारणांसाठी समिती नेमली. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, तुरुंग भरले. आणि १९३९ च्या जुलैमध्ये सुधारणा जाहीर झाल्या. नव्या विधिमंडळात ८५ सभासद असणार होते. जुन्या कौन्सिलाच्या मानाने संख्या पुष्कळच वाढली होती. पण त्यांपैकी निवडून येणारे ४२, आणि उरलेले ४३ सरकारी किंवा सरकारने नेमलेले! म्हणजे सगळे निवडलेले सभासद एक झाले, तरी एका मताने हरणार. हिशेब कसा चोख केला होता पाहा.

बरे, ते ४२ तरी कसे निवडावयाचे? गावा-तालुक्यावरून नव्हे, तर धंद्यावरून. जहागीरदारांचे प्रतिनिधी, शेतीचे, व्यापाराचे, वकिलांचे, डॉक्टरांचे, पदवीधरांचे असे निरनिराळे कप्पे होते. त्यात पुन्हा हिंदू आणि मुसलमान यांची संख्या समसमान ठेवलेली, जरी प्रजेत हिंदू पाचांत चारांहून अधिक होते. आणि एवढे करून हे मंडळ राजाच्या मंत्र्यांना जाब विचारून खाली खेचू शकत नव्हतेच. महायुद्धाचे निमित्त होऊन हा बेत लांबला आणि पुढे १९४६ साली सुधारून अमलात आणला, तेव्हा स्टेट काँग्रेसने त्याकडे पाठ फिरविली. मराठीत याला खोगीरभरती म्हणतात. घोडा चालत नसेल तर खोगिरात कितीही कापूस भरा, प्रवास होत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद मुक्त झाले आणि १९५२ साली प्रौढ मतदानाने पहिली खरी विधानसभा आली. सभासद १७५. १९५१ च्या जनगणनेत संस्थानची लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांच्या वर होती, म्हणजे दर १ लाख ६ हजार माणसांमागे एक आमदार. माझे वडील त्या वेळी एकवीस वर्षांचे नुकतेच पुरे झाले होते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि आपण नुसता कागद आत टाकावयाचा. वडील सांगत, पडद्याआड गेल्यावर काही म्हाताऱ्यांनी पेटीला हात जोडले. ज्या गावात पाटील-देशमुखांसमोर चप्पल काढून उभे राहावे लागे, तेथे माणूस पडद्याआड एकटा उभा राहिला, त्याचा तो नमस्कार होता.

त्याच निवडणुकीत शेजारच्या गुलबर्ग्यातून लोकसभेवर कोण गेले? स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकविलेले, मराठवाड्याने आपले मानलेले स्वामीजी. कन्नड बहुसंख्य मतदारांनी त्यांना निवडून दिले, आणि पुढे १९५७ साली ते औरंगाबादहून निवडून आले. आजच्या मुलांना हे सांगितले की त्यांना खोटे वाटते. मतदार मोकळा असला तर भाषेच्या रेषा ओलांडून जातो, याचा हा दाखला मी दर वर्षी वर्गात देतो.

त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड, न्यालकल आणि निर्णा मंडळ वगळता जहीराबाद आंध्रात गेले, आणि उरलेले आम्ही म्हैसुरात आलो. एकाच विधानसभेत बसणारे शेजारी आमदार तीन विधानसभांत पांगले. कोणाला दोष देण्यासाठी हे मी लिहीत नाही. पण त्या दिवसापासून सीमेवरच्या माणसाला एक गोष्ट कळली. रेषा कोठे आखली जाते यावर त्याच्या मताची किंमत ठरते, आणि रेषा आखताना त्याला कोणी विचारीत नाही.

आता आकड्यांकडे वळू. १९५७ साली म्हैसूर विधानसभेत २०८ जागा होत्या. १९५१ ची लोकसंख्या धरली तर साधारण ९३ हजारांमागे एक आमदार. १९६७ ला जागा २१६ झाल्या, १९७८ ला २२४ झाल्या, आणि तेथेच थांबल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २००० सालापर्यंत गोठविली. कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. २००१ सालच्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. २००८ साली रेषा बदलल्या, आमच्या जिल्ह्यातील हुलसूर मतदारसंघ गेला, बीदर दक्षिण आला, पण जागा सहाच राहिल्या. २०११ च्या जनगणनेत बीदर जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख ३ हजार होती. भागाकार करा, एका आमदारामागे सुमारे २ लाख ८४ हजार माणसे येतात. १९५२ साली माझ्या वडिलांच्या वाट्याला जेवढा आमदार आला होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी माझ्या वाट्याला आला आहे!

हा आकडा पाहिला की 'आमदार वाढवा' या मागणीत तथ्य आहे हे कबूल करावे लागते. आमदार हा आमच्याकडे नुसता कायदे करणारा नाही. दवाखान्यातील खाट, विहिरीची वीजजोडणी, मुलाचा वसतिगृहातील प्रवेश, सगळ्यासाठी लोक त्याच्या दारात उभे असतात. पावणेतीन लाखांचे दार एकच असले की रांग लांबते, आणि रांग लांबली की मध्ये दलाल उभा राहतो.

दूरच्या एका देशाने याच प्रश्नाला नुकतेच उत्तर दिले आहे. ब्रिटनमधील वेल्स हा आपल्या दोन जिल्ह्यांएवढ्या लोकसंख्येचा मुलूख, सुमारे ३१ लाखांचा. त्यांची स्वतःची भाषा आहे, आणि १९९९ पासून स्वतःचे ६० सभासदांचे विधिमंडळ आहे. २००४ साली तेथील रिचर्ड आयोगाने एकाच अहवालात दोन्ही गोष्टी सुचविल्या होत्या. सभासद ८० करा, आणि निवडणूक पसंतीक्रमाने घ्या. वीस वर्षे खल झाला. शेवटी २०२४ च्या कायद्याने २०२६ च्या निवडणुकीपासून सभासद ९६ ठरले, म्हणजे साधारण ३२ हजारांमागे एक. रीतही बदलली. सोळा मतदारसंघ, प्रत्येकात सहा जागा, आणि पक्षांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात जागांची वाटणी. मात्र मतदाराने पक्षाची यादी निवडावयाची, यादीतील माणूस निवडण्याचा अधिकार त्याला ठेवला नाही. संख्या आणि रीत यांचा विचार त्यांनी एकत्र केला, हे मला आवडले. पण यादीतील क्रम पक्षाच्या कचेरीत ठरावा, हे मात्र पटले नाही. आमच्याकडे तसे झाले तर तिकिटाचा बाजार दुप्पट तेजीत येईल.

म्हणून मी पुन्हा शिपाईमामांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. पाच उमेदवार असतील तर शंभरांपैकी पस्तीस मते घेणाराही आमदार होतो आणि पासष्ट मते घरी जातात. मतदान केंद्रावर मी पाहिले आहे, मतदार आत येतो तो कोणाला निवडावे याचा विचार करून येतोच असे नाही. "आपला माणूस काही येत नाही, मग निदान तो दुसरा येऊ नये" असा हिशेब करून पुष्कळ जण येतात. आपल्या आवडीच्या माणसाला मत देण्याचीच भीती वाटावी, ही कसली रीत?

आमच्या जिल्ह्यात कन्नड आहे, मराठी आहे, उर्दू आहे, तेलुगू आहे, तांड्यावरची लंबाणी आहे. मराठी माणूस औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद असा सगळीकडे विखुरलेला आहे. निवडणूक आली की सगळ्यांना त्याची आठवण होते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, बसवकल्याणची पोटनिवडणूक समोर असताना, मराठा विकास प्राधिकरणाची आणि ५० कोटी रुपयांची घोषणा झाली होती, ती वाचकांच्या स्मरणात असेल. मोजके असताना मतांचा भाव होतो, पण सभागृहात आवाज होत नाही. या दुखण्यावर काही मित्र औषध सुचवितात की रेषाच अशा आखा, की एखादा मतदारसंघ आपला होईल. मला ते मान्य नाही. धर्मावरून आणि धंद्यावरून कप्पे पाडण्याचा खेळ निजामाने करून पाहिला. आता भाषेवरून कप्पे पाडले तर स्वामी रामानंद तीर्थांना गुलबर्ग्यातून कोण निवडून देणार?

कप्पे न पाडता आवाज मिळण्याची एक रीत आहे, आणि ती परदेशी नाही. विधान परिषदेच्या सात शिक्षक आणि सात पदवीधर जागांसाठी आपण ती वापरतोच. आपले आमदार राज्यसभेचे सभासद त्याच रीतीने निवडतात. समजा, बीदर जिल्ह्याच्या सहाही जागांचा मिळून एकच मतदारसंघ केला आणि मतदाराने पसंतीचे आकडे लिहिले. समजा, सात लाख मते पडली. तर सहामध्ये एक मिळवून येणाऱ्या सातने भागावयाचे, एक लाख येतात, त्यात एक मिळवावयाचा. १ लाख १ मते ज्याला मिळाली तो निवडून आला. त्याला जास्त मते पडली असतील तर जादा मते पुढच्या पसंतीला जातात. सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते वाया न जाता दुसऱ्या पसंतीकडे जातात. म्हणजे जिल्ह्यात साधारण सातव्या हिश्श्याहून थोडे जास्त लोक एका विचाराचे असतील, मग ते भाषेने असोत, शेतीच्या प्रश्नावर असोत की पक्षाने असोत, त्यांचा एक माणूस निश्चित जातो. राखीव जागा राखीवच ठेवता येतात. आणि मुख्य म्हणजे मराठी उमेदवाराला कन्नड मतदाराची दुसरी पसंती मागावी लागते, कन्नड उमेदवाराला मराठी मतदाराची. शेजाऱ्याशी गोड बोलल्यावाचून ज्यात निभाव लागत नाही, अशी निवडणूक सीमाभागाला हवी आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. घटना समितीत जानेवारी १९४९ मध्ये वऱ्हाडचे काझी सय्यद करिमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आणली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांची कारणे दोन होती. अशा पद्धतीला मतदार साक्षर असावा लागतो, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार स्थिर राहत नाही. तेव्हाची परिस्थिती पाहता त्यांचे म्हणणे रास्तच होते. १९५१ साली देशात शंभरांत अठरा माणसे साक्षर होती. आज बीदरसारख्या मागास गणलेल्या जिल्ह्यातही साक्षरता सत्तर टक्क्यांवर गेलेली आहे. पहिला आक्षेप काळाने बोथट केला आहे. दुसरा मात्र अजून जिवंत आहे, आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. एक मतदारसंघ, एक आमदार असूनही आपण सरकारे पडताना पाहिली, एवढेच त्यावर सांगता येईल.

एकापेक्षा जास्त जागांचा मतदारसंघ आपण पूर्वी करून पाहिला आहे. हैदराबादच्या १९५२ च्या विधानसभेत १४२ मतदारसंघांपैकी ३३ दोन जागांचे होते. पण त्यात पसंतीक्रम नव्हता, मतदाराला दोन सुटी मते होती. त्यातून काय घोटाळे झाले, याचे उदाहरण आंध्रातील पार्वतीपुरमचे आहे. १९५७ साली तेथे दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या, व्ही. व्ही. गिरी हरले, आणि सर्वोच्च न्यायालयातही हरले. हेच गिरी पुढे राष्ट्रपती झाले. १९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ बंद झाले. शेजारच्या महाराष्ट्रात महापालिकांचे चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आहेत, आणि आपल्याकडे सहकारी संस्थांच्या निवडणुकीत पॅनेल असते. तेथे काय घडते? एक्कावन्न टक्क्यांचे पॅनेल शंभर टक्के जागा घेऊन जाते. म्हणजे मतदारसंघ मोठा केला आणि पसंतीक्रम दिला नाही, तर दुखणे बरे होण्याऐवजी वाढते. हा अनुभव विसरून चालणार नाही.

आता शेवटचा आणि मला सर्वांत बोचणारा मुद्दा. १९८७ च्या जानेवारीत मंडल पंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका झाल्या, तेव्हा मी कॉलेजात होतो. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री, आणि गावोगावी कूपनलिका दिल्या म्हणून 'नीर साब' हे नाव मिळालेले अब्दुल नझीर साब पंचायतमंत्री. त्यांच्या १९८३ च्या कायद्याने स्त्रियांना पंचवीस टक्के जागा दिल्या, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा दिला. देशभर ७३ वी घटनादुरुस्ती त्यानंतर आली. आज ग्रामपंचायतीत साधारण चारशे माणसांमागे एक सभासद आहे आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. प्रतिनिधींची संख्या वाढवावी कशी आणि कोठे, याचा धडा कर्नाटकाने देशाला दिला. विधानसभेत खुर्ची वाढविण्यापेक्षा गावात खुर्ची मांडली, आणि रांग खरोखरच लहान झाली.

पण त्याच कर्नाटकात २०१६ साली निवडलेल्या तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ ला संपली, आणि पुढे वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. कधी प्रभागरचना, कधी आरक्षण, कधी न्यायालय, कारणे निघत गेली. कायद्यात जागा आहेत, कागदावर मतदारसंघ आहेत, खुर्च्या पुसून ठेवल्या आहेत, आणि कारभार अधिकाऱ्यांच्या सहीने चालला. १९८९ साली मतदानाचे वय अठरा झाले, त्या वर्षी मी पहिले मत दिले. आज माझ्या शाळेतून बाहेर पडून अठरा वर्षांची झालेली मुले मला विचारतात, "सर, जिल्हा पंचायतीत आमचा सभासद कोण?" मी इतिहासाचा शिक्षक, मी त्यांना भूतकाळातील नाव सांगतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा माझे उत्तर असे आहे, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी, ज्या जागा कायद्यात आहेत त्यांची निवडणूक वेळेवर झाली पाहिजे. त्यानंतर मताची रीत सुधारली पाहिजे. विधानसभेचे एकदम अवघड वाटत असेल तर तालुका पंचायतीपासून पसंतीक्रमाचा प्रयोग करावा. आणि मग आमदारांची संख्या अवश्य वाढवावी, कारण पावणेतीन लाखांना एक हा हिशेब फार दिवस चालणार नाही. हा क्रम उलटा केला आणि नुसती संख्या वाढविली, तर सहाच्या जागी नऊ आमदार येतील, पण ते त्याच घरांतून, त्याच पैशाने आणि त्याच पस्तीस टक्क्यांनी येतील. १९३९ ची खोगीरभरती नव्या कापसाने होईल, एवढेच.

मामा आता निवृत्त झाले आहेत. परवा दिवाळीच्या बाजारात भेटले तेव्हा मी त्यांना हे सगळे उभ्या उभ्या सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुम्ही एक-दोन-तीन लिहिता ते ठीक हाय. आमाला निदान एक तरी लिहायला बोलवा. जिल्हा पंचायतीला किती वर्षं झाली."

एवढे नेमके मी वर्गात कधी बोललो नव्हतो.